शहरांसाठी झालेल्या लढाया आणि माणसांचे आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टालिनग्राडवर मी एक छोटं व्याख्यान दिलं होतं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून प्रश्न येत राहिले आहेत. कुणी फोनवर विचारतं, कुणी व्हॉट्सॲपवर, कुणी व्याख्यान संपल्यावर चपला शोधता शोधता. माणसं वेगळी असली तरी प्रश्न तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. एका शहराच्या लढाईत सगळ्यात जास्त माणसं कुठे मेली? एकच नाव सांगा.

एक नाव सांगता येत नाही, दोन सांगावी लागतात. सैनिक मोजायचे तर स्टालिनग्राड, शहरात राहणारी साधी माणसं मोजायची तर लेनिनग्राड. दोन्ही शहरं सोव्हिएत संघातली आणि दोन्ही लढाया दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी झालेल्या, १९४१ ते १९४४ या काळातल्या. पण त्यांच्यात माणसं मेली ती अगदी वेगळ्या तऱ्हेनं, त्यामुळे दोघांचे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडून पहिला-दुसरा नंबर देणं मला पटत नाही. त्याचं कारण प्रश्न ३ आणि ४ मध्ये आहे.

२. स्टालिनग्राडमध्ये अकरा लाख रशियन मेले असं वाचलं. खरं आहे का?

नाही. ही चूक मराठीत फार वेळा होते आणि तिचं मूळ भाषांतरात आहे. लष्करी भाषेत ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे लढाईतून बाद झालेला प्रत्येक जण. त्यात मेलेले, बेपत्ता झालेले, पकडले गेलेले, जखमी आणि आजारी असे सगळे येतात. बातमीत त्याचं ‘बळी’ होतं आणि आकडा दुप्पट-तिप्पट फुगतो.

सोव्हिएत लष्करी दफ्तरांवरून काढलेला हिशेब असा: ठार व बेपत्ता ४,७८,७४१, जखमी व आजारी ६,५०,८७८, एकूण ११,२९,६१९. म्हणजे अकरा लाखांतले निम्म्याहून जास्त लोक मेलेले नव्हते. त्यातले बरेचसे पुन्हा आघाडीवर पाठवले गेले आणि काही पुढे बर्लिनच्या वाटेवर मेले, तो भाग वेगळा. कुठलाही आकडा वाचताना तो मृतांचा आहे की मृत आणि जखमींचा, एवढं आधी बघा.

३. पण हे पावणेपाच लाख तरी स्टालिनग्राड शहरातच मेले ना?

तेही नाही. हा आकडा १७ जुलै १९४२ ते २ फेब्रुवारी १९४३ या सगळ्या मोहिमेचा आहे. त्यात डॉन नदीच्या वळणावरच्या लढाया येतात, व्होल्गाच्या पश्चिमेकडचा उघडा माळ येतो आणि जर्मन सहाव्या सैन्याला बाहेरून वेढा घालताना झालेल्या चकमकीही येतात. ट्रॅक्टर कारखान्यात आणि धान्याच्या कोठारात मजल्या-मजल्यासाठी झालेली झुंज हा त्यातला एक तुकडा.

जर्मन बाजूलाही हेच. शेवटी सुमारे ९१,००० जण शरण आले. उपाशी, टायफसनं पोखरलेली, पायाची बोटं थंडीनं काळी पडलेली माणसं होती ती. त्यांतली पाच-सहा हजारच घरी परतली, शेवटची तुकडी तर १९५५ साली. उरलेले मेले ते लढाई संपल्यावर. त्यांना स्टालिनग्राडचे मृत म्हणायचं की कैदेतले, हा वाद आजही आहे. माझं उत्तर प्रश्न १४ मध्ये.

४. लेनिनग्राडच्या रस्त्यांवर जर्मन सैनिक शिरलेच नाहीत. मग ती शहराची लढाई कशी?

तिथे भूक हेच शस्त्र होतं. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन नेतृत्वानं ठरवलं की शहर जिंकायला जायचं नाही आणि शहरानं शरणागती देऊ केली तरी ती घ्यायची नाही. कारण घेतली की लाखो तोंडांना खाऊ घालावं लागलं असतं. ८ सप्टेंबर १९४१ ला जमिनीवरचा शेवटचा रस्ता बंद झाला आणि वेढा पुरता उठला २७ जानेवारी १९४४ ला. ८७२ दिवस.

नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात मांडलेले आकडे पाहा: उपासमारीनं मेलेले ६,३२,२५३, बॉम्ब आणि तोफगोळ्यांनी मेलेले १६,७४७. एका बॉम्बबळीमागे जवळपास ३८ भूकबळी. एखाद्या माणसाला कोंडून उपाशी मारलं तर आपण त्याला खूनच म्हणतो. पंचवीस लाखांच्या वस्तीला कोंडलं तर ती लढाई नव्हती असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

२० नोव्हेंबर १९४१ पासून महिनाभराहून जास्त काळ कचेरीतले नोकर, घरातली अवलंबून माणसं आणि मुलं यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा. कारखान्यातल्या कामगाराला २५०. मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ब्रेड ठेवून पाहिला, १२५ ग्रॅममध्ये जेमतेम पाच चकत्या बसल्या. त्यांचा तुकडा याहूनही लहान असणार, कारण तो पाव ओलसर आणि जड होता. पिठात सेल्युलोज मिसळलेलं असायचं आणि सरकीची पेंडही. हो, आपल्याकडे म्हशीपुढे ठेवतात तीच. बंदरात सापडलेला पेंडीचा साठा आधी बॉयलरमध्ये जाळायचा होता, तो माणसांच्या पावात गेला. बाकी जेवण बहुतेकांना जवळपास नव्हतंच, आणि बाहेर उणे वीस-तीसची थंडी.

५. एकाच शहराचे दोन-तीन आकडे का असतात? कुणीतरी खोटं बोलतंय का?

कधी कधी बोलतं (प्रश्न ६ पाहा). पण बहुतेक वेळा दोघांनी वेगवेगळी गोष्ट मोजलेली असते. लेनिनग्राडचा वरचा आकडा नोंद झालेल्यांचा आहे. ज्यांची नोंद करायला घरात कुणी उरलंच नाही ते त्यात नाहीत, म्हणून नंतरचे अभ्यासक आठ-दहा लाखांपर्यंत जातात.

बोस्नियातल्या सारायेव्होचं (१९९२-९६ चा वेढा) उदाहरण मला सगळ्यात स्वच्छ वाटतं. ६ एप्रिल २०१२ ला, युद्धाला वीस वर्षं झाली तेव्हा, शहराच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. वेढ्यात गेलेल्या प्रत्येकाची एक, रिकामी. मुलांच्या खुर्च्या लहान होत्या आणि येणारे-जाणारे त्यांवर खेळणी नि वह्या ठेवून जात होते. दुसऱ्या एका काटेकोर संशोधनात याच वेढ्यातले मृत जवळपास १४,००० भरतात, कारण त्यात दोन्ही बाजूंचे सैनिक आणि सर्बांच्या ताब्यातला भागही धरला आहे. त्यातले साधे नागरिक साडेपाच हजारांच्या आत. तीन आकडे, तिन्ही प्रामाणिक.

युक्रेनमधल्या मारियुपोलमध्ये (२०२२ चा रशियन वेढा) शहराच्या प्रशासनानं वीस-पंचवीस हजारांचा अंदाज दिला. मानवी हक्क संघटनांनी उपग्रहचित्रांतून आणि व्हिडिओंतून कबरी मोजल्या, शांततेच्या वर्षातले नेहमीचे मृत्यू वजा केले, आणि ‘किमान ८,०३४’ म्हटलं. त्यातला ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ढिगाऱ्याखाली राहिलेल्याची कबर नसते.

६. ड्रेस्डेनमध्ये दोन लाख लोक जळून मेले, ते कुणी सांगत नाही असा मेसेज येतो. खरं काय?

जर्मनीतल्या या शहरावर १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ ला झालेल्या ब्रिटिश-अमेरिकी हवाई हल्ल्यात फार तर २५,००० माणसं मेली. ड्रेस्डेन शहरानंच नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीनं अनेक वर्षं दफ्तरं तपासून २०१० साली हा निष्कर्ष दिला.

दोन लाख आले कुठून? स्थानिक पोलिसांच्या अहवालात तेव्हा सापडलेले मृतदेह २०,२०४ असे नोंदले होते. नाझी प्रचारयंत्रणेनं त्यापुढे एक शून्य जोडलं: २,०२,०४०. ते शून्य ऐंशी वर्षं फिरतं आहे. पंचवीस हजार माणसं तीन दिवसांत गेली, हे कुणालाही हादरवायला पुरेसं असायला हवं. आकडा फुगवला की खऱ्या मेलेल्यांवरचा विश्वास उडतो, म्हणून मला असे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा राग येतो.

७. मग हिरोशिमा, ड्रेस्डेन, हॅम्बुर्ग तुम्ही शहरांच्या लढायांत का धरत नाही?

तिथे जमिनीवरून शहर घेण्यासाठी लढाई झाली नाही. हवाई हल्ल्यांचा विचार वेगळा करावा लागतो, तिथे काळ तासांत मोजतात. मात्र लढाईचाच भाग म्हणून झालेली बॉम्बफेक मी धरतो, उदाहरणार्थ स्टालिनग्राडवरची २३ ऑगस्ट १९४२ ची.

८. शहरातल्या लढाईत सैनिक जास्त मरतात की साधी माणसं?

याला एक उत्तर नाही, पण ज्यांना वाटतं की लढाईत मुख्यतः सैनिक मरतात त्यांनी मनिला पाहावं, म्हणजे फिलिपिन्सची राजधानी अमेरिकेनं जपानकडून परत घेतली ती लढाई. ३ फेब्रुवारी ते ३ मार्च १९४५. अमेरिकी सैनिक मेले १,०१०. जपानी सुमारे १६,०००. फिलिपिनो नागरिक सुमारे १,००,०००. एका अमेरिकी सैनिकामागे जवळपास शंभर मनिलावासी.

हे झालं दोन्हीकडून. जपानी सेनापती यामाशिता यांना शहर लढवायचं नव्हतं, पण रिअर ॲडमिरल इवाबुची यांच्या हाताखालचं नौदलाचं सैन्य आत राहिलं आणि मरायचंच आहे हे कळल्यावर त्यानं वस्त्यांत कत्तली केल्या. एर्मिता आणि मलाते हे भाग जाळले. दे ला साल कॉलेजात काही कुटुंबं ख्रिस्ती ब्रदरांबरोबर आसऱ्याला राहिली होती. १२ फेब्रुवारीला सैनिक आत शिरले आणि त्यांनी संगिनींनी भोसकायला सुरुवात केली. मुलंसुद्धा सोडली नाहीत. दुसरीकडे अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांनी शहरावर विमानांतून बॉम्ब टाकायला नकार दिला, पण जवळून डागलेल्या जड तोफांना मुभा होती. तोफेखाली असलेल्या बाईला हा फरक कळला नसणार. स्वतःच्या सैनिकांचे जीव वाचवण्यासाठी तोफा वापरायच्या, हा निर्णय सेनापती म्हणून समजतो. पण त्या निर्णयाची किंमत कुणी दिली हेही त्याच ओळीत लिहायला हवं.

याच मनिलाला याच मॅकआर्थर यांनी डिसेंबर १९४१ मध्ये खुलं शहर जाहीर केलं होतं, म्हणजे आम्ही इथे लढत नाही, शहराला हात लावू नका. जपान्यांनी त्यानंतरही काही बॉम्ब टाकले, पण रस्त्यारस्त्यांतली लढाई टळली. तीन वर्षांनी तेच शहर वाचलं नाही.

९. वॉर्साचा आकडाही दीड-दोन लाख आहे. तेही दोन सैन्यांमध्ये सापडून मेले का?

मोठ्या प्रमाणात नाही, आणि हा फरक पुसू देऊ नका. १ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर १९४४ या जर्मनांविरुद्धच्या ६३ दिवसांच्या उठावात दीड ते दोन लाख नागरिक आणि सुमारे सोळा हजार लढवय्ये मेले. पण त्यातले चाळीस-पन्नास हजार नागरिक एकट्या वोला भागात, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, घराबाहेर काढून ओळीनं गोळ्या घालून मारले गेले. त्यात इस्पितळातले रोगीही होते. ही कत्तल होती. लढाई शेजारच्या रस्त्यावर चालू होती म्हणून तिला ‘युद्धातली हानी’ म्हणता येत नाही.

नानजिंगचंही तसंच. चीनमधलं हे शहर १३ डिसेंबर १९३७ ला जपान्यांच्या हाती पडलं आणि बहुतेक माणसं मारली गेली ती त्यानंतरच्या सहा आठवड्यांत. युद्धगुन्ह्यांसाठीच्या तोक्योच्या न्यायाधिकरणानं दोन लाखांहून जास्त म्हटलं, चीनमध्ये तीन लाख मानतात.

१०. मेलेल्यांची संख्या मोजण्यापेक्षा रोजची सरासरी किंवा शेकडा प्रमाण काढलं तर तुलना नीट होईल ना?

थोडी नीट होते. वॉर्साचे मृत दिवसांवर वाटले तर रोजचे साधारण २,४०० ते ३,२०० येतात, मनिलाचे तीन हजारांहून जास्त, लेनिनग्राडचे (आठ लाख धरून) नऊशेच्या आसपास. पण लेनिनग्राडमध्ये मृत्यू सारखे वाटलेले नव्हते, १९४१-४२ च्या एका हिवाळ्यात ते साचले होते. शिवाय ‘शहराची लोकसंख्या’ म्हणजे कुठल्या दिवसाची? स्टालिनग्राडमध्ये ऑगस्ट १९४२ ला बाहेरून आलेले निर्वासित किती होते यावर भागाकार बदलतो. सरासरी काढा, पण तिच्यावर निष्कर्ष बांधू नका.

११. लोक वेळेवर शहर सोडून का जात नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो विचारताना बरेच जण नकळत मेलेल्यांनाच दोष देतात. म्हणून जरा सविस्तर.

जायला वाट लागते, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या हातात असते. स्टालिनग्राडचे कारखाने चालू राहावेत म्हणून लोकांना मोठ्या प्रमाणावर हलवलं नव्हतं. खरी हलवाहलव सुरू झाली ती २३ ऑगस्टच्या बॉम्बफेकीनंतर, व्होल्गावरून बोटींनी, गोळ्यांच्या वर्षावात. मोसुलमध्ये २०१६ साली इराकी विमानांनी टाकलेल्या पत्रकांत घरातच राहा असं सांगितलं होतं, आणि पळू पाहणाऱ्यांना आयसिसचे लोक गोळ्या घालत होते. पुढे एका वृत्तसंस्थेनं शवागारांच्या याद्या वगैरे तपासून नऊ ते अकरा हजार नागरिक मेल्याचं मांडलं. मारियुपोलमध्ये बाहेर पडायचे रस्ते ठरत होते आणि मोडत होते.

शिवाय घरात अंथरुणाला खिळलेली सासू असते, बाळंतीण असते, गाडी नसते, पैसे नसतात. गेलेल्यांपेक्षा राहिलेल्यांत म्हातारे आणि गरीब जास्त असतात.

इतकी वर्षं हे आकडे चाळून माझं मत असं झालं आहे: शहरातल्या लढाईत किती माणसं मरणार हे तोफांपेक्षा बाहेरची वाट उघडी आहे की बंद यावर जास्त ठरतं. आपल्या इतिहासातलं एक उदाहरण घ्या. १७३९ च्या मार्चमध्ये नादिरशहानं दिल्लीत कत्तलीचा हुकूम दिला. एका दिवसात वीस-तीस हजार माणसं कापली गेली असं साधारण मानतात. त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मराठ्यांची माणसं त्या वेढ्यात हजारोंनी पडली होती, तटाखालच्या सुरुंगांनी आणि वरून येणाऱ्या गोळ्यांनी. सूड घ्यायला कारण पुरेसं होतं. तरीही तह झाला, जाणाऱ्यांना आठवडाभराची मुदत मिळाली, पोर्तुगीज सैन्य मानानं बाहेर पडलं आणि लोकांना सामानासह जाता आलं. दोन शहरं, एकच उन्हाळा.

१२. झाशीत १८५८ ला किती लोक मेले?

मृतांची शिरगणती कुणी केली नाही, त्यामुळे जे आकडे दिसतात ते अंदाज आहेत. आपल्याकडे मात्र आकड्याहून मोलाची गोष्ट आहे: वरसईचे विष्णुभट गोडसे त्या दिवसांत झाशीतच होते आणि त्यांनी जे पाहिलं ते मराठीत लिहून ठेवलं. चिं. वि. वैद्यांनी ते १९०७ साली ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं. एप्रिलच्या सुरुवातीला इंग्रज सेनापती ह्यू रोजचं सैन्य तटावरून आत आलं. त्यानंतरची लूट, कापाकापी आणि लपून राहिलेल्या माणसांची तहान हे सगळं एका भिक्षुकाच्या नजरेतून येतं. तो कुणाच्याच बाजूचा सैनिक नव्हता. शहरातल्या लढायांचे असे नागरिकांनी लिहिलेले वृत्तांत जगात कुठेही थोडेच आहेत.

१३. मराठी सैनिक अशा एखाद्या वेढ्यात सापडले होते का?

हो, कुत-अल-अमारा. पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमध्ये टायग्रिसच्या वळणावर. तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली ती इंग्रजांची सहावी, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले. बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस खायला बराच काळ नकार दिला, आणि भाजीपाला नसल्यानं स्कर्व्ही पसरली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जण शरण गेले. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेचे मृत आणि जखमी मिळून सुमारे तेवीस हजार झाले होते. सोडवायचे होते त्याहून जास्त.

गावात सुमारे सहा हजार अरब रहिवासीही होते. त्यांची आठवण कुणी काढत नाही. शरणागतीनंतर इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून त्यांतल्या काहींना तुर्कांनी फासावर दिलं.

आणि एक गोष्ट जी मला सलते. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीनुसार नुसती संख्या. साताऱ्या-रत्नागिरीकडून गेलेला माणूस तिथे एका बेरजेत आहे. २०२१ साली अशी स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) अशा भेदभावाबद्दल माफी मागितली.

१४. शहरातून बाहेर पडल्यावर मेलेला माणूस कुठल्या आकड्यात धरायचा?

सरकारी हिशेबात सहसा कुठल्याच नाही. वेढ्याच्या तारखा ठरलेल्या असतात, शहराची हद्दही ठरलेली असते, आणि माणूस त्याबाहेर मेला की तो गळतो. कुतचे कैदी वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत हजारोंनी मेले, ते वेढ्याच्या आकड्यात नाहीत. स्टालिनग्राडचे कैदी सोव्हिएत छावण्यांच्या हिशेबात गेले. मी त्यांना ज्या वेढ्यानं मारलं त्या वेढ्यातच धरतो. तक्ता बिघडला तरी चालेल.

लेनिनग्राडची तान्या साविचेवा अकरा वर्षांची होती. तिच्या मोठ्या बहिणीची एक छोटी वही होती. अर्ध्या वहीत बॉयलरच्या झडपांची आकृती नि टिपणं, उरलेली अर्धी पत्ते लिहायला, अक्षरांच्या क्रमानं. त्या कोऱ्या अर्ध्या भागात तान्या निळ्या पेन्सिलीनं घरातले मृत्यू लिहीत गेली, ज्याच्या त्याच्या अक्षराखाली: बहीण झेन्या, आजी, भाऊ, दोन काका. आईच्या अक्षराखाली १३ मे १९४२, सकाळी साडेसात. मग तीन पानांवर एकेक ओळ: साविचेव मेले, सगळे मेले, तान्या एकटीच राहिली. तिला माहीत नव्हतं, पण बहीण नीना आणि भाऊ मिखाईल जिवंत होते. तान्याला त्या उन्हाळ्यात इतर मुलांबरोबर शहराबाहेर हलवलं. ती वाचली असं धरून शहराच्या यादीतून ती बाहेर गेली. गॉर्की प्रांतातल्या शात्की गावी, आतड्यांच्या क्षयानं, १ जुलै १९४४ ला ती मेली. वेढा उठून पाच महिने झाले होते.